बॅटलशिप आणि तिच्या तोफांची बैठक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटलशिपचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तोफ किती इंची? पण तोफ म्हणजे शेवटी एक नळी. तिला पेलणारी, फिरवणारी, तिच्या तोंडी गोळा आणून देणारी आणि तिचा धक्का झेलणारी बैठक जशी असेल तशीच ती तोफ लढते. जहाजसुद्धा त्या बैठकीभोवती बांधलं जातं. म्हणून इथली बहुतेक उत्तरं बैठकीकडून जहाजाकडे जातात.

बॅटलशिप म्हणजे युद्धनौकाच ना?

आपली वर्तमानपत्रं नौदलाच्या कुठल्याही जहाजाला युद्धनौका म्हणतात. त्यामुळे माझगाव डॉकमधून बाहेर पडलेली विनाशिका ही बॅटलशिप आहे, असा अनेकांचा समज होतो. बॅटलशिप हा वेगळा आणि आता संपलेला प्रकार आहे. ताफ्यातल्या सर्वांत जड तोफा आणि सर्वांत जाड चिलखत असलेलं जहाज म्हणजे बॅटलशिप. समोरच्या तशाच जहाजाशी समोरासमोर उभं राहून लढणं हे तिचं काम. आपली आयएनएस विशाखापट्टणम ७,४०० टनांच्या आसपास आहे. अमेरिकेची आयोवा पूर्ण भारासह ५७ हजार टनांच्या घरात होती. या लेखात म्हणूनच सरळ बॅटलशिप हाच शब्द वापरला आहे.

तोफेची बैठक म्हणजे नेमकं काय?

किल्ल्यावर पडलेली जुनी तोफ आठवा. नळीच्या दोन्ही अंगांना दोन जाड खुंट्या असतात, ते तिचे कान. त्या कानांवर ती गाड्यात बसते आणि वरखाली होते. बैठकीची सुरुवात तिथून झाली. बॅटलशिपच्या काळापर्यंत या बैठकीत पाळणा, धक्का शोषणारे दट्टे, फिरता पाट, गोळे चढवणारे पिंजरे आणि भोवतालचं चिलखत एवढं सगळं आलं.

तोफ तीच ठेवून बैठक बदलली तर काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण वॉरस्पाइटचं. या ब्रिटिश जहाजाच्या १५ इंची तोफा पहिल्या महायुद्धातल्या. मूळ बैठकीत त्या २० अंशांपर्यंतच वर उचलता येत आणि गोळा सुमारे २१ किलोमीटर जाई. १९३४ ते १९३७ या काळात जहाजाची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा बैठकीत फेरफार करून उठाव ३० अंशांवर नेला. नव्या आकाराचे गोळेही आले आणि पल्ला २९ किलोमीटरवर गेला. ९ जुलै १९४० रोजी इटलीच्या कॅलाब्रिया किनाऱ्यासमोर वॉरस्पाइटने ज्युलिओ चेझारे या बॅटलशिपवर सुमारे २४ किलोमीटरवरून गोळा बसवला. चालत्या जहाजावरून चालत्या जहाजावर इतक्या लांबून नेम साधल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. नळ्या मात्र जुन्याच होत्या.

शिडांच्या काळात तोफा कशा बसवत?

चार लाकडी चाकांच्या गाड्यावर, जहाजाच्या दोन्ही कुशींना, मजल्यांवर मजले करून. ब्रिटिश सेनापती नेल्सनच्या व्हिक्टरी या जहाजावर अशा १०४ तोफा होत्या. तळमजल्यावरची एकेक तोफ तीन टनांच्या आसपास. बार उडाला की ती गाड्यासकट मागे उसळे. जाड दोर तिला धरून ठेवी. मग ती पुन्हा भरून माणसांनी दोर ओढत पुढे न्यायची. डावी-उजवीकडे वळवायला लोखंडी पहारी लावायच्या, पण वळायची ती थोडीच. नेम धरायचा म्हणजे खरं तर अख्खं जहाजच वळवायचं.

या काळात मुंबई फार मोठ्या जागी होती. वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानी मोठी लढाऊ जहाजं बांधली गेली: कॉर्नवॉलिस १८१३ मध्ये, गँजेस १८२१ मध्ये, एशिया १८२४ मध्ये. २० ऑक्टोबर १८२७ रोजी नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टन ज्या जहाजावर होता, ते जहाज म्हणजे ही ८४ तोफांची एशिया. १८४२ चा नानकिंगचा तह कॉर्नवॉलिसवर झाला. बॅटलशिपच्या वंशावळीतली ही पणजी-खापरपणजीची पिढी मुंबईची आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराब या लढाऊ गलबतांची तऱ्हा निराळी होती. त्यांच्या जड तोफा नाळेकडे, समोर मारा करायला बसवलेल्या असत. उथळ पाण्यात वाऱ्याच्या आडव्या चालणाऱ्या शत्रूचा पाठलाग करायला ती मांडणी अचूक होती. बैठक कुठे लावायची हे लढण्याच्या रीतीवरून ठरतं, ते आपल्या किनाऱ्यावर आधीच ठाऊक होतं.

फिरत्या बुरुजाची कल्पना कोणाची?

दोघांची, आणि दोघांनी ती वेगवेगळ्या वाटांनी गाठली.

अमेरिकेत जॉन एरिक्सन या मूळच्या स्वीडिश अभियंत्याने मॉनिटर बांधलं. पाण्याला जवळजवळ टेकलेला सपाट डेक आणि त्यावर लोखंडाचा एक गोल डबा. आतला व्यास २० फूट, भिंत एकेक इंचाच्या आठ पत्र्यांची, आत ११ इंची दोन तोफा. ९ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत या जहाजाने अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या व्हर्जिनिया या चिलखती जहाजाशी काही तास झुंज दिली. कोणीच कोणाला बुडवू शकलं नाही. पण त्या दिवशी बुरूज फिरवायला सुरुवात करणं जड गेलं आणि थांबवणं त्याहून जड. शेवटी आतल्या माणसांनी थांबवायचा नाद सोडला आणि बुरूज फिरत असतानाच, शत्रू समोरून जाताना बार काढले.

इंग्लंडमध्ये कॅप्टन कूपर कोल्सच्या डोक्यात ही गोष्ट क्रिमियाच्या युद्धापासून होती. तिथे त्याने तराफ्यावर तोफ चढवून उथळ पाण्यातून मारा केला होता. एरिक्सनचा बुरूज फिरायचा तेव्हा जात्यासारखा मधल्या खुंट्यावर पेललेला असे. कोल्सचा बुरूज कडेने, चाकांच्या गोल कड्यावर फिरे, आणि त्याचा खालचा भाग डेकच्या पोटात लपलेला असे. पुढची सगळी जहाजं कोल्सच्या वाटेने गेली.

कोल्सचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. त्याच्या आग्रहाखातर बांधलेल्या कॅप्टन या जहाजाला बुरूजही होते आणि पूर्ण शिडंही. आराखड्यात डेकची कड पाण्यावर ८ फूट हवी होती. बांधणीत वजन वाढत गेलं आणि ती जेमतेम साडेसहा फुटांवर आली. ७ सप्टेंबर १८७० च्या मध्यरात्रीनंतर स्पेनच्या फिनिस्टेरे भूशिराजवळ वादळात शिडांनी जहाज एका अंगावर लोळवलं. ते परत उठलं नाही. सुमारे ४८० माणसं गेली, त्यांत कोल्स स्वतः होता. १८ जण वाचले. जड बुरूज हवा तर शिडं नकोत, हा धडा नौदलाने एवढी किंमत देऊन घेतला. तीन वर्षांत शिडांविना चालणारं डेव्हास्टेशन समुद्रावर आलं. पुढे आणि मागे एकेक बुरूज, मधे धुराडी: बॅटलशिपचा चेहरा इथून ओळखू यायला लागतो.

मुंबई बंदरात बुरुजांची जहाजं होती, हे खरं का?

खरं. मॅग्डाला आणि अ‍ॅबिसिनिया ही त्यांची नावं. दोन्ही नावं १८६८ च्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेवरून आली, आणि ती मोहीम मुंबईहूनच निघाली होती. दोन्ही जहाजं १८७० मध्ये लंडनमध्ये पाण्यात उतरली आणि मुंबईच्या रक्षणासाठी इथे आणली गेली. प्रत्येकीवर दोन बुरूज, बुरुजात दोन तोफा. बुरुजांच्या बुडाशी चिलखताची बुटकी भिंत होती, म्हणजे डेक लाटांखाली गेला तरी बुरुजाच्या फटीतून पाणी आत शिरू नये. मॅग्डालाला तर इथवर येण्यापुरत्या तात्पुरत्या डोलकाठ्या आणि शिडं चढवली होती. बंदराबाहेर त्यांनी लढाई अशी कधी पाहिली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या भंगारात गेल्या. त्यांचं तिसरं भावंड सर्बेरस मेलबर्नला गेलं. त्याच्याविषयी शेवटी सांगतो.

ठासणीच्या तोफा इतक्या उशिरापर्यंत का टिकल्या?

कारण सुरुवातीच्या पाठीमागून भरायच्या तोफांची झाकणं दगा देत. त्यामुळे ब्रिटिश नौदल पुन्हा तोंडातून भरण्याकडे वळलं. पण मोठी तोफ तोंडातून भरायची तर बुरुजाबाहेर येणार कोण? मग हायड्रॉलिक यंत्रं आली. बुरूज ठरावीक जागी वळवायचा, तोफेचं तोंड खाली झुकवायचं आणि डेकखालून यंत्राने दारू-गोळा ठासायचा. इन्फ्लेक्सिबलच्या ८० टनी, १६ इंची तोफा अशाच भरत.

२ जानेवारी १८७९ रोजी मार्माराच्या समुद्रात थंडरर या ब्रिटिश जहाजावर सराव चालू होता. बुरुजातल्या दोन्ही तोफांना एकदम बत्ती दिली. एक उडाली, दुसरी उडालीच नाही, आणि पहिलीच्या दणक्यात ते कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही पुन्हा भरल्या गेल्या. दुहेरी भरलेली तोफ फुटली आणि ११ जण ठार झाले. माणूस तोफेच्या मागे उभा राहून नळीत डोकावू शकला असता, तर हे घडलं नसतं. त्यानंतर पाठीमागून भरायच्या तोफांना विरोध करणारे गप्प झाले.

टरेट आणि बार्बेट यांत फरक काय?

टरेट म्हणजे चिलखती भिंतीसकट फिरणारा बुरूज. बार्बेट म्हणजे जहाजाला पक्की बांधलेली चिलखताची गोल विहीर. भिंत जागच्या जागी, आत फक्त पाट आणि तोफ फिरते. फिरवायचं वजन कमी होतं, म्हणून तोफ उंचावर नेता येते आणि खवळलेल्या समुद्रातही वापरता येते. उणीव एवढीच की गोलंदाज वरून उघडे पडतात. मग विहिरीवर फिरतं चिलखती छप्पर चढवलं. १८९५ च्या मॅजेस्टिकपासून ही जोड रूढ झाली आणि लोक त्या छपरालाच टरेट म्हणू लागले. म्हणजे नाव राहिलं कोल्सचं आणि रचना बार्बेटची.

ड्रेडनॉटचा एवढा बोलबाला का?

एकाच मापाच्या दहा १२ इंची तोफा, पाच बुरूज आणि स्टीम टर्बाइनवर २१ नॉट वेग, म्हणून. फेब्रुवारी १९०६ मध्ये ही ब्रिटिश बॅटलशिप पाण्यात उतरली आणि आधीच्या सगळ्या बॅटलशिप एका दिवसात जुन्या झाल्या. वर्षभरात जहाज तयार केल्याचं कौतुक नेहमी होतं. पण त्यामागची खरी गोष्ट अशी, की बुरूज घडवायला जहाजाच्या सांगाड्यापेक्षा जास्त वेळ लागे. म्हणून लॉर्ड नेल्सन आणि अ‍ॅगामेम्नॉन या जहाजांसाठी बनत असलेल्या बैठकी उचलून ड्रेडनॉटला दिल्या. त्या दोघी रखडल्या.

एका बुरुजामागे दुसरा उंचावर, पहिल्याच्या डोक्यावरून मारा करणारा, ही मांडणी मात्र अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना आणि मिशिगन यांनी पक्की केली. ती जास्त शहाणपणाची होती आणि पुढे सगळ्यांनी तीच उचलली.

बुरुजाच्या आत काय चालायचं?

वरून दिसतो तो बुरूज म्हणजे हिमनगाचं टोक. ब्रिटिशांच्या १५ इंची जोड-बुरुजाचं फिरतं वजन साडेसातशे टनांच्या वर, आणि त्याचा दांडा जहाजाच्या तळापर्यंत गेलेला.

अगदी खाली कोठारं. गोळा सुमारे ८७० किलोचा, म्हणजे एका छोट्या मोटारगाडीएवढा. तो हाताने हलत नाही. छताला लावलेल्या सरकत्या चिमट्याने उचलून तो पिंजऱ्यात ठेवतात. शेजारच्या कोठारातून कॉर्डाइट या तोफेच्या दारूच्या चार पिशव्या येतात, रेशमी कापडात शिवलेल्या. इथे काम करणाऱ्यांच्या अंगावर ठिणगी पाडेल असं लोखंड चालत नाही. पिंजरा दांड्यातून वर चढतो आणि तोफेखालच्या खोलीत थांबतो. तिथे माल दुसऱ्या पिंजऱ्यात जातो. असा टप्पा मुद्दाम ठेवलेला, म्हणजे वर आग लागली तर ती एका दमात तळाशी उतरू नये.

दुसरा पिंजरा तोफेच्या पाठीशी येतो. जाड स्क्रूचं झाकण फिरून बाजूला होतं. साखळीचा दट्टा पुढे सरकतो आणि गोळा आत ढकलतो. गोळ्याच्या कमरेचं तांब्याचं कडं नळीच्या आट्यांत घट्ट रुततं. ते रुतलं नाही तर तोफ वर उचलताना गोळा मागे घसरेल. मग दोन पिशव्या, पुन्हा दोन पिशव्या, झाकण बंद. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आसपास. खालच्या माणसाला समुद्र दिसत नाही, शत्रू दिसत नाही, आपला गोळा लागला की नाही तेही कळत नाही. त्याला फक्त पिंजरा रिकामा परत आलेला दिसतो. आयोवाच्या तिन्हीपैकी एका बुरुजाला कोठारांसकट ८५ ते ११० माणसं लागत. त्यांतल्या मूठभरांनाच बाहेरचं काही दिसे.

जटलँडला ब्रिटिश जहाजं अशी फुटली कशी?

पहिल्या महायुद्धातल्या जटलँडच्या आरमारी लढाईत, ३१ मे १९१६ रोजी, इन्डिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल एकेका स्फोटात गेली. तिन्ही मिळून ३,३०० हून अधिक माणसं. ही बॅटलक्रूझर होती: तोफा बॅटलशिपच्या, चिलखत पातळ. त्यामुळे बरीच वर्षं दोष चिलखतावर ढकलला गेला. मला तो अर्धाच पटतो.

झटपट मारा व्हावा म्हणून कोठारांची दारं उघडी ठेवली जात आणि पिशव्या बाहेर रचून ठेवल्या जात. वर बुरुजात आग लागली की ज्वाळेला तळापर्यंत मोकळा रस्ता. पिंजऱ्याचे टप्पे, झडपा, दारं ज्यासाठी केली होती, ती सगळी सोय घाईत मोडीत काढलेली. त्याच दिवशी लायन या ब्रिटिश बॅटलक्रूझरच्या मधल्या बुरुजावर गोळा बसला. मरीन मेजर फ्रान्सिस हार्वी प्राणांतिक जखमी होता. त्याने कोठाराची दारं लावून आत पाणी सोडायचा हुकूम दिला. थोड्या वेळाने उरलेल्या पिशव्या पेटल्या, बुरुजातली माणसं गेली, पण जहाज वाचलं. हार्वीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

जर्मनांनी हा धडा सुमारे सव्वा वर्ष आधी घेतला होता. २४ जानेवारी १९१५ च्या डॉगर बँकच्या लढाईत सायडलिट्झ या जर्मन बॅटलक्रूझरचे मागचे दोन्ही बुरूज एकाच गोळ्याने पेटले आणि दीडशेहून जास्त माणसं जळाली. विल्हेल्म हाइडकाम्प या खलाशाने तापून लाल झालेले व्हॉल्व्ह हातांनी फिरवून कोठारात पाणी सोडलं, म्हणून जहाज परत आलं. त्यानंतर त्यांनी बुरुजात उघडी दारू कमीत कमी ठेवली. शिवाय त्यांच्या दारूचा मुख्य भाग पितळी पुंगळीत असे.

एका बुरुजात दोन तोफा बऱ्या की चार?

जास्त तोफा एकत्र आणल्या की चिलखत वाचतं, आणि १९२२ च्या वॉशिंग्टन करारानंतर बॅटलशिपला ३५ हजार टनांची मर्यादा आली तेव्हा प्रत्येक टन मोलाचा झाला. म्हणून नेल्सन आणि रॉडनी या ब्रिटिश जहाजांनी नऊ १६ इंची तोफा तीन-तीनच्या तीन बुरुजांत, सगळ्या पुढेच मांडल्या. किंग जॉर्ज पाचवा वर्गाने चार-चारचे दोन आणि दोनाचा एक बुरूज घेतला. गुंतागुंत मात्र वाढली. मे १९४१ मध्ये बिस्मार्क या जर्मन बॅटलशिपशी गाठ पडली तेव्हा याच वर्गातली प्रिन्स ऑफ वेल्स नवीकोरी होती. कारखान्याची माणसं अजून जहाजावरच होती, आणि ऐन लढाईत तिचे बुरूज वारंवार अडकले. दोन तोफांचा साधा बुरूज सगळ्यांत भरवशाचा, असं माझं मत आहे. त्याच लढाईत हूड हे जहाज गमावूनही ब्रिटिशांचा १५ इंची जोड-बुरूज शेवटपर्यंत टिकला. १९४६ मध्ये आलेल्या व्हँगार्डला तर करेजस आणि ग्लोरियस ही जहाजं विमानवाहू करताना काढून ठेवलेल्या, पहिल्या महायुद्धातल्या बैठकीच बसवल्या.

सर्वांत मोठी बैठक कोणती?

जपानच्या यामातो आणि मुसाशीची. तीन बुरूज, प्रत्येकात ४६ सेंटिमीटरच्या तीन तोफा, गोळा १,४६० किलोचा, पल्ला ४२ किलोमीटर. एकेका बुरुजाचं वजन सुमारे अडीच हजार टन, म्हणजे त्या काळच्या मोठ्या विनाशिकेइतकं. हे सामान वाहायला काशिनो नावाचं खास जहाज बांधावं लागलं. खरं माप लपवण्यासाठी कागदोपत्री तोफा ४० सेंटिमीटरच्या दाखवल्या होत्या. दोन्ही जहाजं विमानांनी बुडवली: मुसाशी २४ ऑक्टोबर १९४४ ला, यामातो ७ एप्रिल १९४५ ला.

एवढा बुरूज जहाजाला कशाने जोडलेला असतो?

बहुतेकदा फक्त स्वतःच्या वजनाने. तो रोलरच्या कड्यावर बसलेला असतो. जात्याची वरची तळी जशी नुसती ठेवलेली असते, तसाच. म्हणून जहाज पालथं झालं की बुरूज निसटतो. १९८९ मध्ये बिस्मार्कचा सांगाडा अटलांटिकच्या तळाशी सापडला, तेव्हा तिचे चारही मुख्य बुरूज जागेवर नव्हते. उरल्या होत्या त्या रिकाम्या गोल विहिरी. मॉनिटरचंही तसंच. तिचा बुरूज २००२ मध्ये समुद्रातून वर काढला, त्यात दोन खलाशांचे अवशेष होते.

बॅटलशिप संपल्या कशामुळे?

विमानांमुळे. तोफ ४० किलोमीटर मारते, विमान शेकडो किलोमीटर. बॅटलशिपनी एकमेकींवर तोफा डागल्याची शेवटची वेळ म्हणजे २५ ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्समधली सुरिगाव सामुद्रधुनी. नंतर त्या किनाऱ्यावर मारा करण्यापुरत्या उरल्या. मिसुरी आणि विस्कॉन्सिनच्या १६ इंची तोफा १९९१ च्या आखाती युद्धातही बोलल्या.

भारताकडे बॅटलशिप होती का?

नाही. बुरुजांच्या तोफा असलेल्या क्रूझर, म्हणजे बॅटलशिपहून लहान लढाऊ जहाजं, मात्र दोन होत्या: दिल्ली आणि म्हैसूर, दोन्ही ६ इंची तोफांच्या. १९६१ च्या गोवा मुक्तीच्या मोहिमेत म्हैसूर अंजदीव बेटापाशी होती आणि दिल्ली दीवसमोर. दिल्ली म्हणजे आधीची अकिलीस, १९३९ मध्ये रिव्हर प्लेटला लढलेली. मोडीत काढताना तिचा एक बुरूज न्यूझीलंडला भेट दिला. तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या दारात उभा आहे. आजच्या आपल्या जहाजांवरच्या ७६ मिलिमीटर तोफेच्या बुरुजात एकही माणूस बसत नाही.

अशी बैठक प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

पर्ल हार्बरला मिसुरी. जपानमध्ये योकोसुकाला मिकासा आहे, पण तिच्या मुख्य तोफा आणि बुरूज नंतर केलेल्या प्रतिकृती आहेत. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमसमोर १५ इंची दोन नळ्या आहेत. मेलबर्नमध्ये राहणाऱ्यांनी ब्लॅक रॉकच्या हाफ मून बेला जावं. मॅग्डालाचं भावंड सर्बेरस १९२६ पासून तिथे लाटा अडवत बुडून आहे आणि गंजलेले दोन्ही बुरूज काठावरून दिसतात.

मुंबईकरांसाठी घारापुरी. लेणी पाहून लोक परत फिरतात, पण वाट वर टेकडीच्या माथ्यावर जाते. तिथे ब्रिटिश काळातल्या किनारी संरक्षणाच्या दोन प्रचंड तोफा आहेत. पाहताना नळीकडे थोडं कमी पाहा. तिच्याखालची गोल बैठक पाहा, भोवतालचा बांधीव खड्डा पाहा, आणि टेकडीच्या पोटातल्या दारूगोळ्याच्या खोल्या. बार्बेटची ती विहीर डेकऐवजी दगडात खोदलेली आहे. पोरं नळीवर चढून फोटो काढत असतात. त्यांना कडेला बोलावून खालची कडी दाखवा.